ईईजी करताना डोकं टेपनं का मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात ईईजीला (डोक्यावर वायरी लावून मेंदूतली वीज नोंदवण्याच्या तपासणीला) आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. हे काम नव्यानं शिकणारी मुलं विचारतात ते प्रश्नही त्यातच मिसळले आहेत, कारण दोघांच्या शंका बऱ्याचदा एकाच जागी येऊन थांबतात: डोक्यावर वायर नेमकी तिथेच का?

"टेपानं डोकं काऊन मोजून राहिले? टोपी शिवाची हाय का?"

या ना त्या शब्दांत हा प्रश्न रोज येतो, म्हणून तो पहिला. मेंदूतून टाळूच्या कातडीपर्यंत पोचणारी वीज फारच थोडी असते, साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. छातीवरून घेतल्या जाणाऱ्या कार्डिओग्रामच्या तुलनेत ती दहापट ते शंभरपट कमी. शिवाय ईईजीचं मशीन एका जागेची वीज मोजत नाही. ते दोन जागांमधला फरक मोजतं आणि त्याची रेघ काढतं. त्या दोन जागा नेमक्या कुठे आहेत हे माहीत नसेल तर पडद्यावरच्या रेघेला काही अर्थ उरत नाही.

आता डोकी सारखी नसतात. काटोलहून आलेल्या पाच वर्षांच्या पोराचं डोकं वेगळं, त्याच्या आजोबांचं वेगळं. "कपाळापासून दहा सेंटिमीटरवर लावा" असा नियम केला तर पोराच्या डोक्यावर ती वायर एका भागावर बसेल आणि आजोबांच्या डोक्यावर दुसऱ्याच. म्हणून सेंटिमीटरऐवजी टक्क्यांचा नियम आहे, त्यालाच १०-२० पद्धत म्हणतात. डोकं आधी मोजायचं, मग त्या मापाचे टक्के काढायचे. टेप त्यासाठी.

१०-२० म्हणजे दहा ते वीस मिनिटं? की दहा ते वीस वायरी?

दोन्ही नाही. मोजणीच्या दोन्ही टोकांना १० टक्के सोडायचे आणि मधलं अंतर २०-२० टक्क्यांनी तोडायचं, म्हणून ही १०-२० पद्धत. मूळ पद्धतीत दोन्ही कानांच्या पाळ्या धरून २१ जागा आहेत. त्याशिवाय एक ग्राउंड, म्हणजे बाहेरच्या विजेची गडबड कमी करणारी वायर असते, आणि बहुतेक ठिकाणी वेगळा रेफरन्सही, म्हणजे जिच्याशी बाकीच्या जागांची तुलना करतात ती वायर. वेळेचं म्हणाल तर साधं रेकॉर्डिंग निदान २० मिनिटांचं असायला हवं, आणि मोजून वायरी लावण्यातच जवळपास तेवढा वेळ जातो. सगळं मिळून तासभर धरून या.

मोजायला सुरुवात कुठून करतात?

चार खुणांपासून. पहिली नाकाच्या मुळाशी, जिथे कपाळ संपतं आणि नाकाचं हाड सुरू होतं ती खोलगट जागा. तिला नेझियन म्हणतात. दुसरी डोक्याच्या मागे मधोमध असलेला हाडाचा उंचवटा, इनियन. उरलेल्या दोन कानांसमोर: बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं की जबड्याच्या सांध्यापाशी जो खड्डा हलताना जाणवतो, त्या.

यातला इनियन नव्या माणसाला फार छळतो. काहींचा ठळक असतो, काहींचा, विशेषतः लहान मुलांचा आणि बऱ्याच बायकांचा, हाताला लागतच नाही. मानेच्या मधल्या रेषेवरून बोट वर वर न्यायचं आणि कवटीचं हाड जिथे बाहेर वळतं तिथे थांबायचं. रुग्णाला हनुवटी थोडी वरखाली करायला सांगितलं की मानेचे स्नायू कुठे चिकटलेत ते कळतं आणि उंचवटा सापडतो. इनियन अंदाजानं धरला तर पुढची प्रत्येक जागा सरकते, कारण सगळे टक्के त्याच मापावर उभे असतात. अंबाडा किंवा वेणी सोडायला सांगतात तीही याचसाठी.

एकदा खरे आकडे घालून दाखवा ना.

विद्यार्थ्यांनी हा भाग टेप हातात घेऊन वाचावा. समजा नेझियनपासून डोक्यावरून इनियनपर्यंतचं अंतर ३६ सेंटिमीटर भरलं. त्याचे १० टक्के ३.६, तर २० टक्के ७.२. नेझियनपासून ३.६ वर एफपीझेड (ही वायरींच्या जागांची नावं, त्यांचा अर्थ पुढच्या प्रश्नात). त्यात ७.२ मिळवा, १०.८ वर एफझेड. १८ वर सीझेड, २५.२ वर पीझेड, ३२.४ वर ओझेड. मागे ३.६ उरले की हिशेब जुळला.

मग आडवी मोजणी. एका कानासमोरच्या खड्ड्यापासून सीझेडवरून दुसऱ्या कानासमोरच्या खड्ड्यापर्यंत. हे अंतर ३८ धरलं तर डावीकडून ३.८ वर टी३, ११.४ वर सी३, १९ वर सीझेड, २६.६ वर सी४, ३४.२ वर टी४. सीझेड दोन्ही मोजण्यांत मधोमध यायला हवा. उभ्या टेपवर एक सीझेड आणि आडव्या टेपवर दुसराच येत असेल तर थांबून पुन्हा मोजा, पुढे जाऊ नका.

तिसरा टेप डोक्याभोवती. तो भुवयांवरून न नेता एफपीझेड, टी३, ओझेड, टी४ या आधीच खूण केलेल्या जागांवरून फिरवायचा. घेर ५५ सेंटिमीटर असेल तर एफपीझेडच्या डावीकडे ५ टक्क्यांवर, म्हणजे २.७५ वर, एफपी१. तिथून ५.५ च्या टप्प्यांनी एफ७, टी३, टी५ आणि ओ१. ओ१ पासून ओझेडपर्यंत पुन्हा २.७५. उजवीकडे तसंच. एफ३, एफ४, पी३ आणि पी४ शेवटी येतात: एफ३ हा एफ७ आणि एफझेडच्या मधोमध आणि त्याच वेळी एफपी१ आणि सी३ च्याही मधोमध. दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे पेन्सिलची फुली. इतकं झालं की आधीच्या चुका आपोआप उघड्या पडतात, कारण मापं चुकली असतील तर दोन्ही रेषांचे मध्य एकाच जागी येत नाहीत.

या अक्षरांचा अर्थ काय?

एफपी म्हणजे कपाळाजवळचा अगदी पुढचा भाग, एफ पुढचा, टी कानशिलाचा, पी वरचा-मागचा, ओ अगदी मागचा. सी म्हणजे मधला पट्टा. मेंदूत 'सी' नावाचा वेगळा खंड नाही. ए म्हणजे कान. विषम आकडे डावीकडे, सम आकडे उजवीकडे. मधल्या रेषेवर झेड, म्हणजे शून्य. झिरो माइलच्या गावात हे समजावायला वेळ लागत नाही, फक्त आपली मोजणी त्या शून्यापासून सुरू होत नाही एवढं लक्षात ठेवायचं.

डावं-उजवं नेहमी रुग्णाचं. रिपोर्टवर 'डावीकडे' लिहिलं असेल तर ते तुमच्या डाव्या हाताच्या बाजूचं.

ही पद्धत ठरवली कोणी?

माणसाच्या मेंदूची वीज डोक्यावरून पहिल्यांदा नोंदवली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं, १९२४ मध्ये. त्यानं ते छापलं १९२९ मध्ये. पुढची वीस वर्षं जगभर ईईजी होत गेले, पण प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या मनानं वायरी लावायची. लंडनच्या 'पुढच्या' वायरीचा आणि माँट्रियलच्या 'पुढच्या' वायरीचा मेळ बसत नव्हता. १९४७ मध्ये लंडनला ईईजीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे एकच पद्धत ठरवावी असं पुढे आलं आणि काम आलं हर्बर्ट जॅस्परकडे. जॅस्पर माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाबरोबर काम करत होता. उघड्या मेंदूवर आणि कवटीबाहेरून, दोन्हीकडून नोंदी घेतल्या जाणारी ती जागा. टाळूवरची कुठली खूण आतल्या कुठल्या घडीवर येते याची पडताळणी करून त्याची पद्धत १९५८ मध्ये छापून आली. नागपुरात आज जो टेप डोक्यावर ठेवला जातो तो त्याच नियमाचा.

एखादं सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर असं काय बिघडतं?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब.

शेजारशेजारच्या दोन जागांमधला फरक मोजताना त्या दोघांमधलं अंतर वाढलं की रेघ सहसा उंच होते, कमी झालं की बुटकी. वरच्याच डोक्यावर एफ७ ते टी३ हे अंतर ५.५ आणि टी३ ते टी५ हेही ५.५. टी३ ची वायर दीड सेंटिमीटर पुढे सरकली तर पहिलं अंतर होतं ४ आणि दुसरं ७. डाव्या कानशिलावर एक रेघ दबलेली, दुसरी फुगलेली. उजवीकडे सगळं सरळ. रिपोर्ट वाचणारे डॉक्टर खोलीत नसतात, त्यांच्यासमोर फक्त रेघा असतात. त्यांना दिसतं की डाव्या बाजूला काहीतरी वेगळं आहे. दोन्ही बाजूंत थोडा फरक निसर्गतःच असतो, मागच्या भागातली अल्फा लय (डोळे मिटले की उमटणाऱ्या लाटा) बऱ्याच जणांत उजवीकडे किंचित मोठी असते; पण टेपमुळे आलेला फरक आणि मेंदूमुळे आलेला फरक कागदावर एकसारखे दिसतात. त्यावरून एमआरआय सांगितला जाऊ शकतो. घरच्यांच्या डोक्याला घोर लागतो तो वेगळाच.

दुसरी गोष्ट तुलनेची. मिरगीच्या मुलाचा ईईजी आज झाला, दोन-तीन वर्षांनी पुन्हा झाला, कदाचित दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या हातानं. मधल्या काळात डोकं वाढलेलं असतं. टक्क्यांनी मोजलेलं असेल तर सी३ तेव्हाही मेंदूच्या त्याच पट्ट्यावर होता आणि आताही तिथेच आहे. अंदाजानं लावलेलं असेल तर दोन कागद शेजारी ठेवून काय ताडायचं?

वायरी नीट बसल्यात का हे रेकॉर्डिंगवरूनही थोडंफार कळतं. डोळे मिचकावले की एफपी१ आणि एफपी२ वर सारख्याच उंचीची लाट यायला हवी. डोळे मिटले की मागे ओ१, ओ२ कडे ८ ते १३ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ८ ते १३ लाटांची, अल्फा लय उमटते आणि उघडले की दबते. काही जणांत सी३ वर म्यू नावाची लय दिसते, ती उजवी मूठ आवळली की ओसरते, कारण हाताच्या हालचालीचा भाग त्या वायरीखाली असतो. "डोळे उघडा, मिटा, मूठ आवळा" हे सारखं सांगतात त्यामागे अशी कारणं आहेत.

तयार टोपी असते ना, मग एवढी मोजामोजी कशाला?

असते. टोपीत जागा आधीच बसवलेल्या असतात, काम लवकर होतं, अतिदक्षता विभागात ती सोयीची पडते. पण योग्य मापाची टोपी निवडायलाही डोक्याचा घेर मोजावाच लागतो आणि सीझेडची जागा टेपनंच तपासावी लागते. सैल टोपी कडेला सरकते. लांब, दाट केसांवर ती वर उचलली जाते. माझा कल सुट्या वायरी, त्या चिकटवायची पेस्ट आणि टेपकडे आहे, आणि शिकणाऱ्यानं तर टोपीला पहिलं वर्षभर हात लावू नये.

आमच्या जुन्या रिपोर्टवर टी३ लिहिलंय, नव्यावर टी७. चूक झाली का?

नाही, जागा तीच आहे. पुढे जास्त जागांची १०-१० पद्धत आली तेव्हा नावं सरळ व्हावीत म्हणून टी३, टी४ चे टी७, टी८ झाले आणि टी५, टी६ चे पी७, पी८. कुठे जुनी नावं चालतात, कुठे नवी. नागपुरातही दोन्ही दिसतील.

जास्त वायरी म्हणजे जास्त चांगला ईईजी?

संशोधनात शंभराहून जास्त वायरी लावतात. त्यासाठीच्या १०-५ पद्धतीत तीनशेच्या वर जागांना नावं आहेत. रोजच्या तपासणीला तेवढ्या लागत नाहीत. मात्र मूळ २१ जागांत एक उणीव आहे: कानशिलाच्या खालच्या भागावर वायर नाही, आणि मोठ्या माणसांच्या मिरगीत तोच भाग बऱ्याचदा दोषी असतो. म्हणून २०१७ मध्ये क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं कानांच्या दोन सोडून उरलेल्या १९ आणि खालच्या रांगेतल्या सहा अशा २५ जागांची शिफारस केली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर "खालच्या टेम्पोरल (कानशिलाच्या) वायरी लावा" असं लिहिलं असेल तर ते याच कारणानं. चिठ्ठी घरी विसरू नका.

आणि संख्या कितीही असो, लावलेली वायर कातडीला नीट चिकटलेली हवी. म्हणून आधी खरखरीत जेलनं ती जागा घासतात. रोध, म्हणजे वायर आणि कातडीमधला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणि सगळ्या वायरींचा साधारण सारखा हवा.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर एवढ्या वायरी मावतात?

नवजात बाळाला कमी लावतात: पुढे दोन, मधल्या पट्ट्यावर सी३, सीझेड, सी४, कानशिलांवर दोन, मागे दोन, शिवाय कान किंवा कानामागचं हाड. मोजणी तीच. टाळू भरलेली नसते तिथे हात हलका ठेवतात. बाळाला दूध पाजून, झोपेच्या वेळेला आणा.

डोक्याचं ऑपरेशन झालंय, टाके आहेत. मग?

जखमेवर वायर लावत नाहीत, थोडी बाजूला घेतात. पण मग दुसऱ्या बाजूची जोडीची वायरही तेवढीच सरकवायची, नाहीतर वर सांगितलेला खोटा फरक येतो. आणि हे रेकॉर्डवर लिहायचं. कवटीला भोक किंवा फट असेल तर त्या जागेवर लाटा उंच आणि टोकदार दिसतात, कारण वीज अडवणारं हाड तिथे नसतं. जुनं ऑपरेशन सांगायला लाजू नका; केसांखाली दडलेला व्रण टेक्निशियनला दिसेलच असं नाही.

तेल, कुंकू, कानातले?

आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवा, कोरडे करा, खोबरेल लावू नका. तेलावर पेस्ट धरत नाही. केस कापत नाहीत. टिकली आणि भांगातलं कुंकू नेमकं मधल्या रेषेवर, एफपीझेड आणि एफझेडच्या आसपास येतं. पुष्कळ ठिकाणी ग्राउंडही तिथेच लावतात. त्यामुळे तेवढ्यापुरतं पुसावं लागतं. आजीला हे सांगताना "आजी, तपासणी झाली की लगेच लावा" असं आधीच म्हटलं तर कोणी रागावत नाही. कानाच्या पाळीवर वायर लागते म्हणून जड कानातले काढून घरी ठेवा.

मे महिन्यात ईईजी करावा का?

गरज असेल तर कुठल्याही महिन्यात करावा. पण पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना दुपारी दोनला ऑटोनं येऊन घामाघूम अवस्थेत खुर्चीत बसू नका. घामामुळे रेघा संथपणे वरखाली तरंगतात आणि त्या मेंदूच्या संथ डेल्टा लाटांसारख्या भासतात. घाम आणि पेस्ट मिळून दोन शेजारच्या वायरी एकमेकींना जोडल्या गेल्या तर त्यांच्यातला फरकच नाहीसा होतो, रेघ सपाट पडते. सकाळची वेळ मागा, अर्धा तास आधी येऊन गार व्हा.

टेक्निशियनसाठी: डेझर्ट कूलर रुग्णाच्या डोक्याशी ठेवू नका. त्याची मोटर ५० हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डमध्ये सोडते. नॉच फिल्टर (तेवढीच गुणगुण गाळणारी मशीनमधली सोय) लावून ती झाकता येते, पण आधी अर्थिंग आणि सुटलेली वायर तपासा. फिल्टर हा शेवटचा उपाय आहे.

या वायरींतून शॉक देतात का? मनातलं कळतं का?

नाही आणि नाही. वायरी फक्त वीज उचलतात, आत काही सोडत नाहीत.

जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात. सगळ्यांनी घ्यायचा का?

वायरींशी थेट संबंध नसला तरी विदर्भात हे सांगायलाच हवं. तीन मिनिटं खोल, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. काही प्रकारच्या फिटमध्ये खूण दिसायला त्याची मदत होते. पण सिकलसेलचा रक्ताचा आजार असलेल्यांना त्यातून मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा धोका असतो, म्हणून त्यांना हा भाग देत नाहीत. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात, सिकलसेल घरोघरी ऐकू येतो. सिकलसेलचं कार्ड असेल तर वायरी लावण्याआधीच दाखवा. अलीकडे पक्षाघात झाला असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर त्रास असेल, तर तेही सांगा.

ईईजी नॉर्मल आला. म्हणजे मिरगी नाही ना?

तसं म्हणता येत नाही. कवटीच्या बाहेर खूण दिसायला आतल्या कित्येक चौरस सेंटिमीटर भागानं एकदम वीज सोडावी लागते, आणि तीही त्या अर्ध्या तासात. बऱ्याच मिरगीच्या रुग्णांचा पहिला ईईजी स्वच्छ येतो. म्हणूनच रात्री कमी झोपवून पुन्हा बोलावतात. बालाघाटहून रात्रीच्या बसनं आलेल्यांची ती तयारी आपोआप झालेली असते. निदान फिटच्या वर्णनावर ठरतं, त्यामुळे जमलं तर मोबाइलवर फिटचा व्हिडिओ काढून आणा. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

डोक्यातली पेस्ट निघते कशी?

कोमट पाण्यानं आधी भिजवा, मग शाम्पू. कोरडी असताना कंगवा फिरवू नका, केस तुटतात. कित्येक तासांच्या व्हिडिओ ईईजीसाठी कोलोडियन नावाचा चिकट द्रव वापरला असेल तर तो पाण्यानं निघत नाही. तो तिथेच, ॲसिटोन लावून काढून घ्या आणि मगच घरी जा.